धूळ धरली, धूर सुटला: मुंबईची हवा आणि २०२३ नंतरचे सरकारी उपाय

मुंबईची हवा दिल्लीसारखी होईल, असं वर्षानुवर्षं कुणाला वाटत नव्हतं. तिकडच्या नोव्हेंबरच्या बातम्या वाचून आपण हळहळायचो आणि समुद्राच्या भरवशावर निश्चिंत राहायचो. हा भरवसा खोटाही नव्हता. दुपारी खारे वारे शहरात शिरतात आणि साचलेली हवा आत खाडीपलीकडे ढकलतात. रात्री मतलई वारे उलट दिशेने समुद्राकडे जातात. या येरझाऱ्यांत शहर रोज धुऊन निघतं. हिवाळ्यात मात्र खारे वारे उशिरा सुटतात, त्यांना जोर नसतो, आणि पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो. मग त्याच्यात जे असेल ते तिथेच राहतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ही अडचण नेहमीपेक्षा लांबली. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ यंत्रणा उभी करणारे शास्त्रज्ञ गुफरान बेग यांनी तिचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकून राहिलेल्या ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या स्थितीशी, जोडला.

पण वारा फक्त नेतो किंवा नेत नाही. न्यायचं काय, ते आपण तयार करतो. म्हणून या प्रकरणाची सुरुवात मी ऑक्टोबर २०२३ पासून धरत नाही, जानेवारी २०२१ पासून धरतो.

त्या महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकाम प्रीमियममध्ये, म्हणजे मंजुरीसाठी विकासकाने भरायच्या शुल्कात, ५० टक्के सवलत दिली. करोनाने बसलेला गृहनिर्माण व्यवसाय उठावा, हा हेतू होता. सवलत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतच असल्याने त्या आत पैसे भरून प्रस्ताव मार्गी लावायची घाई झाली. मंजुरी मिळाल्यावर जुनी इमारत रिकामी करणं, पाडणं, पाया खणणं यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणजे एका वर्षात कोंबलेली ही कामं जमिनीवर दिसू लागली ती २०२२ च्या अखेरीपासून पुढे. त्याच सुमारास मेट्रोच्या मार्गिकांचं आणि सागरी किनारा रस्त्याचं काम चालू होतं. भरीला जानेवारी २०२३ मध्ये महापालिकेच्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. या सगळ्यामुळे मिळून शहराच्या हवेत किती धूळ उठेल, हा हिशेब यापैकी कोणत्याही परवानगीच्या वेळी कुणी मांडला नाही. प्रत्येक काम आपापल्या फाइलमध्ये वेगळं होतं. हवा मात्र सगळ्यांची एकच होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पाऊस गेला आणि दोन आठवड्यांत क्षितिज करडं झालं. वांद्रे-कुर्ला संकुल, चेंबूर, अंधेरी इथले आकडे २०० च्या वर जाऊ लागले. हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या भाषेत २०१ ते ३०० म्हणजे ‘वाईट’. महापालिकेने त्या वर्षी मार्चमध्ये प्रदूषण कमी करण्याचा आराखडा केलेला होता. आता त्यातून तातडीची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. २५ ऑक्टोबरच्या या परिपत्रकावर पुढची सगळी कारवाई उभी आहे, म्हणून ते नीट पाहायला हवं.

७० मीटरपेक्षा उंच इमारतीचं काम असेल तर भोवती किमान ३५ फूट उंच पत्रे. एक एकराहून मोठ्या भूखंडालाही तेवढेच, लहान भूखंडाला २५ फूट. इमारत चारही बाजूंनी हिरव्या कापडाने, गोणपाटाने किंवा ताडपत्रीने झाकलेली. पाडकाम करताना सतत पाणी. माल चढवता-उतरवताना पाण्याचा फवारा. फवाऱ्यांच्या व्यवस्थेला १५ दिवस आणि धुकं सोडणाऱ्या यंत्रांना ३० दिवसांची मुदत. राडारोड्याच्या गाड्या झाकलेल्या, क्षमतेपेक्षा जास्त न भरलेल्या, आणि फाटकातून बाहेर पडण्याआधी चाकं धुतलेली. जागेवर हवा मोजणारं यंत्र आणि सीसीटीव्ही. हे मोडल्यास आधी नोटीस, मग काम बंद.

हे नियम वाईट नाहीत. धुळीचा जन्म कुठे होतो हे ज्याला माहीत आहे, अशा माणसानेच ते लिहिलेत. चाकं धुण्याचं कलम तर फारच नेमकं आहे. पायाच्या खड्ड्यातून बाहेर आलेल्या डंपरच्या टायरांना चिखल चिकटलेला असतो. तो रस्त्यावर पडतो, दुपारपर्यंत सुकतो, आणि मग दिवसभर प्रत्येक बस, प्रत्येक रिक्षा त्याची पूड करून उडवत राहते. शहरातली धूळ ती हीच. झाडूने ती एका कडेहून दुसऱ्या कडेला जाते, एवढंच. फाटकापाशी उतरती फरशी, जाळी, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पाइप आणि गाळ साठवायला टाकी एवढं केलं की पुढचा सगळा रस्ता वाचतो. पण गर्दीच्या गल्लीत, पाचशे-सहाशे चौरस मीटरच्या भूखंडावर पुनर्विकास चालू असताना फाटक थेट पदपथावर उघडतं. उतरत्या फरशीला जागाच नसते. तिथे एक माणूस हातात पाइप घेऊन उभा असतो आणि पाहणी असेल त्या दिवशी नक्की असतो. डंपरच्या रांगेत प्रत्येक गाडीला पुरेसा वेळ द्यायचा तर रात्रीच्या मर्यादित तासांत ठरलेल्या फेऱ्या होत नाहीत, आणि चालकाला पैसे फेरीवर मिळतात.

पत्र्याचंही तसंच. पाया आणि पाडकाम चालू असताना २५ फुटांचा पत्रा खूप धूळ अडवतो. काम पंधराव्या मजल्यावर गेलं, तिथे लाद्या कापायला आणि भिंती घासायला सुरुवात झाली, की पत्र्याचा काही संबंध उरत नाही. तेव्हा उपयोगी पडतं ते ओलं कापकाम आणि यंत्रालाच जोडलेली धूळ ओढणारी नळी. बाहेरून दिसतं ते कापड. पाहणी करणाऱ्याला रस्त्यावरून तेच तपासता येतं, म्हणून नियमांचं पालन म्हणजे कापड, असा अर्थ हळूहळू रूढ झाला.

अंमलबजावणीची जबाबदारी २४ विभाग कार्यालयांवर आली. प्रत्येक विभागात अभियंते, पोलीस, मार्शल आणि गाडी अशी पथकं नेमायची ठरली. पालिकेच्याच म्हणण्यानुसार तेव्हा शहरात सुमारे ६ हजार बांधकामं चालू होती. वॉर्ड ऑफिसातला जो अभियंता पथकात गेला, त्याची आधीची कामं कुणी काढून घेतलेली नव्हती. त्याचं टेबल तसंच होतं. त्याने एका जागेला नोटीस द्यायची, तिथे परत जाऊन पाहायचं, ठेकेदाराचं उत्तर वाचायचं, मग काम थांबवायचा प्रस्ताव वर पाठवायचा. हे सगळं हवा वाईट असण्याच्या तीन-चार महिन्यांत.

उच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय यांच्या खंडपीठापुढे आधीच एक जनहित याचिका होती. ६ नोव्हेंबरला फटाक्यांना संध्याकाळी ७ ते १० अशी वेळ ठरली, चार दिवसांनी ती ८ ते १० केली गेली. राडारोड्याच्या वाहतुकीवर काही दिवस बंदी आली, आणि बांधकामाचं सामान आणणाऱ्या गाड्या पूर्ण झाकलेल्या असल्या तरच सोडायच्या ठरल्या. इथून पुढे या प्रकरणाची गती न्यायालयाच्या तारखांवर चालू लागली. तारीख जवळ आली की पाहण्या वाढायच्या, नोटिसांचे आकडे प्रतिज्ञापत्रात जायचे. न्यायालय नसतं तर एवढंही झालं नसतं, हे मी मान्य करतो. पण महापालिकेचं काम न्यायालयाच्या धाकाने व्हावं, यात महापालिकेचं समर्थन करता येत नाही.

त्याच काळात राज्य सरकारने स्वच्छतेची मोठी मोहीम सुरू केली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे डिसेंबरमध्ये स्वतः रस्ते धुताना उभे राहिले. टँकरने, प्रक्रिया केलेल्या पाण्याने रस्ते धुतले जाऊ लागले. कृत्रिम पावसाची घोषणाही झाली. रस्ता धुण्याचा थोडा उपयोग नक्की होतो, विशेषतः पाणी मारण्याआधी माती यंत्राने ओढून घेतली असेल तर. नुसतं पाणी मारलं तर माती कडेला वाहते, पर्जन्यवाहिनीच्या तोंडाशी बसते आणि ऊन पडलं की पुन्हा उडायला मोकळी. कृत्रिम पावसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ढग लागतात, आणि मुंबईची हवा बिघडते ती नेमकी ढग नसताना.

आता पावाच्या भट्टीकडे. या प्रकरणात मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग तोच आहे.

मुंबईचा वडापाव, मिसळ, पावभाजी, इराण्याचा ब्रून ज्या पावावर चालतात, तो अनेक ठिकाणी अजून लाकडाच्या भट्टीत भाजला जातो. जळणाला जंगलातलं लाकूड फार कमी वापरलं जातं, कारण ते महाग पडतं. भट्टीत जातं ते भंगारातलं लाकूड: पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, मोडलेलं फर्निचर, प्लायचे तुकडे, सामान बांधून आलेल्या पेट्या. त्यावर रंग असतो, पॉलिश असतं, सरस असतो. हे जळताना निघणारा धूर सूक्ष्म असतो आणि नुसत्या लाकडाच्या धुरापेक्षा किती तरी विषारी. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने केलेल्या पाहणीत शहरातल्या जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचं आढळलं. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की पुनर्विकासात पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या याच भट्ट्यांमध्ये येतात. म्हणजे एकच इमारत शहराच्या हवेत आधी धूळ म्हणून जाते आणि नंतर धूर म्हणून.

९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर यांना प्रशासनाने दिलेली वर्षभराची मुदत जास्त आहे, सहा महिन्यांत गॅसवर किंवा इतर स्वच्छ इंधनावर जा, आणि लाकूड-कोळशावर नवीन परवाने देऊ नका. आदेश योग्य. पण तो पाळणाऱ्याच्या बाजूने पाहा. बेकरी चाळीच्या तळमजल्यावर, भट्टी विटांची, ६०-७० वर्षं जुनी. नवीन ओव्हन बसवायचा तर भट्टी फोडावी लागते. ती फोडायला चाळीच्या मालकाची संमती हवी. पाइपचा गॅस त्या गल्लीत आला असेल तर ठीक, नसेल तर सिलिंडर ठेवायचे, आणि सिलिंडर ठेवायला अग्निशमन दलाच्या अटींप्रमाणे मोकळी जागा हवी. ती बेकरीत नाही. पाव हा असा पदार्थ की त्याची किंमत रुपया-दोन रुपयांनी वाढली तरी वडापावची गाडी दुसरा पाववाला शोधते. सरकारने इथे कर्ज, अनुदान, गॅसची जोडणी आणि भट्टी बदलण्याची परवानगी एका खिडकीत दिली असती, तर काही वर्षांतच हा धूर कायमचा बंद झाला असता. बिनकामाची दंडात्मक भाषा वापरायची गरजही उरली नसती. विभाग कार्यालयांनी काढल्या त्या बहुतेक नोटिसाच.

मोठा निर्णय मात्र बेकऱ्यांच्या आदेशाच्या दहा दिवस आधी झाला होता. ३० डिसेंबर २०२४ रोजी आयुक्त भूषण गगराणी यांनी भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली सगळी बांधकामं थांबवली, सरकारी असोत की खाजगी. निर्देशांक सतत २०० च्या वर राहिला तर तिथलं काम बंद, असं तत्त्व सांगितलं गेलं. कुलाब्याचं नेव्ही नगर आणि वरळी यांवर लक्ष ठेवलं जाईल असंही जाहीर झालं. जानेवारीत आकडे सुधारल्यावर बंदी उठली.

मी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं होतं आणि आजही करतो. बांधकाम थांबू शकतं, हे या शहरात त्याआधीही दिसलं होतं: देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सशर्त शिथिल केली. या वेळी प्रशासन स्वतः पुढे आलं, हे महत्त्वाचं. पण कामबंदीला कायद्याची चौकट नव्हती. दिल्लीत २०१७ पासून टप्प्याटप्प्याची कृती योजना आहे: कोणत्या आकड्याला काय बंद होणार, हे आधी लिहिलेलं असतं, आणि २०२१ च्या कायद्याने नेमलेला आयोग ती राबवतो. दिल्लीची हवा त्याने सुधारली असं नव्हे, पण कुणावर काय बंधन येणार हे कळतं तरी. मुंबईत त्या डिसेंबरला भायखळ्याच्या ठेकेदाराला त्याच दिवशी कळलं. दुसरी अडचण यंत्राची. बांधकामाच्या जागेवर बसवलेली स्वस्त यंत्रं प्रकाशाच्या किरणावर कण मोजतात, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत ती पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनी फसतात. त्यांच्या आकड्यावर कुणाचं काम बंद करायचं तर ती वारंवार तपासायला हवीत. ते काम कुणाच्या टेबलावर आहे?

आणि दोन विभागांचं काम थांबल्याने हवा सुधारली, की वारा सुटला म्हणून सुधारली, हे सांगता येत नाही. तसं मोजायची सोयच केलेली नव्हती.

या सगळ्यात माझं म्हणणं एवढंच आहे: सरकारने धूळ धरली आणि धूर सोडला. हे फक्त मुंबईत घडलं असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांचं यश प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे जाड कणांवर मोजलं जातं. ज्याचं माप होतं, त्यावर पैसा जातो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये केलेल्या आढाव्यात या कार्यक्रमाच्या निधीपैकी ६४ टक्के रस्त्याच्या धुळीवर खर्च झाल्याचं दिसलं, उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जाणारे कण मात्र पीएम २.५ असतात. ते मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, कचरा, भट्टी. त्यांच्यासाठी देशाची वार्षिक मर्यादा घनमीटर हवेमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५.

वार्षिक सरासरीने मुंबईची आणखी एक दिशाभूल होते. चार महिने पाऊस हवा धुतो, त्या महिन्यांचे आकडे फार चांगले येतात, आणि वर्षाच्या सरासरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं दुखणं बुडून जातं. दमेकरी माणूस सरासरी श्वास घेत नाही. मुंबईचं लक्ष्य हिवाळ्याच्या महिन्यांसाठी वेगळं ठरवलं पाहिजे.

धुराकडे पाहायचं तर चेंबूर-माहुलकडे पाहावं लागतं. तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, रसायनांच्या साठवण टाक्या, शेजारी ट्रॉम्बेचं औष्णिक वीज केंद्र. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना याच माहुलमध्ये घरं दिली गेली. लोक आजारी पडले, आंदोलनाला बसले. शेवटी २०१९ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यासाठी महिना १५ हजार रुपये द्या. ही माणसं महापालिकेच्याच निर्णयाने त्या हवेत गेली होती. बांधकामाच्या फाटकावर जाणाऱ्या पथकाला या कारखान्यांच्या धुराड्यावर अधिकार नाही. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. वाहनांचा अधिकार परिवहन खात्याचा. डिझेल-पेट्रोलची वाहनं टप्प्याटप्प्याने बाद करण्याचा अभ्यास करायला राज्याने जानेवारी २०२५ मध्ये सात जणांची समिती नेमली. दरम्यान बेस्टच्या बसगाड्या कमी होत गेल्या. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला, आणि ज्यांची बस गेली ते दुचाकीवर आले. हवेसाठी एखादा खर्च निवडायला मला सांगितलं, तर टँकरचे पैसे मी विजेवरच्या बसगाड्यांना देईन.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच पुन्हा घडलं. हवा वाईट, न्यायालयात सुनावणी, बांधकामांची पाहणी करायला समिती, काम थांबवण्याच्या नोटिसा. त्या वेळी इथिओपियातल्या ज्वालामुखीच्या राखेचं कारण पुढे केलं गेलं. त्या उद्रेकाच्या आधीपासूनच हवा वाईट होती, असं सांगून खंडपीठाने ते मानलं नाही.

नियमांचा क्रम बदलला तर यातलं बरंचसं सुधारेल. आज परवानगी आधी मिळते, धूळ मग उडते आणि पथक शेवटी येतं. त्याऐवजी ज्याला सगळे सीसी म्हणतात, त्या बांधकाम सुरू करण्याच्या प्रमाणपत्राआधीच चाकं धुण्याची फरशी, पाण्याची जोडणी आणि राडारोडा कुठे जाणार याची पावती तपासली जावी. एका विभागात एकाच वेळी किती पाडकामं चालतील, यालाही मर्यादा असावी, निदान हिवाळ्यापुरती. रस्ता खणणारी महापालिकाच असेल तर तिच्या ठेकेदाराला तोच दंड, आणि तो त्याच्या बिलातून कापला जावा.

काम बंद करायची वेळ आलीच, तर साइटवर राहणाऱ्या माणसांचं काय करायचं, हेही त्याच आदेशात लिहिलेलं असावं. सगळ्यात जास्त धूळ तेच खातात. पत्र्याच्या आत, सिमेंटच्या गोण्यांशेजारी त्यांची पोरं झोपतात. काम थांबलं की मजुरी त्यांचीच जाते. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कामबंदीच्या काळात बांधकाम मजुरांना उपकरातून निर्वाहभत्ता द्यायला सांगितलं. महाराष्ट्रातही बांधकामांवर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. भायखळा आणि बोरिवलीच्या बंदीबरोबर या पैशातून भत्त्याचा आदेश निघायला हवा होता. पुढच्या वेळी तो नोटिशीच्या सोबतच निघावा, आणि ज्यांची नोंदणी झालेली नाही अशा मजुरांची नोंदणी त्याच पथकाने त्याच फाटकावर करून घ्यावी.